लाकडी पाटीची जमीन: उठावाच्या अक्षरांमागे पोत कसा निवडाल?

नव्या घराची पाटी करून घेतलेल्या मंडळींची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. लाकूड चांगले सागाचे घेतले, सीएनसी मशीनवर अक्षरे उठावाची काढली, मागे सुरेख पोत दिला, संगणकाच्या पडद्यावर तर पाटी देखणी दिसत होती. मग दाराशी लावल्यावर नाव वाचायला दोन पावले पुढे का यावे लागते? दोष लाकडाचा नसतो, मशीनचाही क्वचितच असतो. चूक झालेली असते ती जमिनीत.

साडीला जमीन असते आणि तिच्यावर बुट्टी उठते. पाटीचेही तसेच आहे. अक्षराभोवतीचे लाकूड चार-पाच मिलिमीटर खाली उतरवले की जी खोलगट पातळी उरते ती पाटीची जमीन. ती नुसती सपाट ठेवली तर बिटचे गोल माग दिसत राहतात आणि ते घासून काढणे हे अक्षरांच्या गर्दीत फार किचकट काम असते. पोत दिला की हे माग लपतात, जमिनीवर बारीक सावल्या पडतात आणि वरचे गुळगुळीत अक्षर वेगळे दिसते. पोत द्यायचा तो एवढ्यासाठी. जमीन अक्षरापेक्षा जास्त बोलू लागली की पाटी फसली.

आधी भिंतीपाशी जा, मग संगणकापाशी

पाटी जिथे लागणार आहे तिथे संध्याकाळी उभे राहा आणि उजेड कुठून येतो ते पाहा. सोसायटीच्या पॅसेजमध्ये ट्यूब बहुधा वर असते. बंगल्याच्या फाटकावर दिवसा ऊन एका बाजूने येते, रात्री दिवा दुसऱ्या बाजूने. उठावाचे काम सावलीवर चालते. वरून उतरणाऱ्या उजेडात आडव्या चऱ्या ठळक होतात आणि उभ्या चऱ्या जवळजवळ नाहीशा होतात. बाजूच्या उजेडात नेमके उलटे होते. समोरून सरळ उजेड पडत असेल तर कोणताही पोत फिका पडतो. तिथे रंगातला फरकच कामाला येतो, म्हणून पोतावर जादा पैसे घालवू नका.

दुसरी गोष्ट अंतर. पाटी तीन फुटांवरून वाचली जाणार की रस्त्यापलीकडून? बारीक दाणेदार पोत दहा फुटांवरून नुसता मळकट दिसतो. मोठा पोत तीन फुटांवरून खडबडीत वाटतो.

देवनागरीला कोणती जमीन मानवत नाही

पोतांचे बहुतेक तयार नमुने रोमन अक्षरे समोर ठेवून केलेले असतात. आडव्या फळ्यांसारख्या चऱ्या, लाकडाच्या रेषांची नक्कल, लाटा. रोमन अक्षरांमागे ते चालून जातात. आपल्या लिपीत मात्र शिरोरेषा ही एक सलग आडवी पट्टी असते आणि तिच्याखाली काने, दंड हे उभे खांब. जमिनीवर आडव्या चऱ्या आल्या की शिरोरेषा त्यांच्यातलीच एक होऊन बसते. उभ्या चऱ्या दिल्या तर काना कुठला आणि चरी कुठली ते डोळ्याला शोधावे लागते.

म्हणून माझा ठाम सल्ला असा: देवनागरी पाटीची जमीन आडवी नको आणि उभीही नको. ती तिरकी असावी किंवा दिशाच नसलेली असावी. एवढे एक पथ्य पाळलेत तरी निम्म्या पाट्या वाचतील.

पोताचे चार पर्याय

*मठाराचा पोत.* पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके घालून जे एकसारखे खळगे उठवतात, त्याला मठारकाम म्हणतात. लाकडी पाटीसाठी मला हा पोत सर्वांत आवडतो. त्याला दिशा नाही, उजेड कुठूनही आला तरी प्रत्येक खळगा थोडा चमकतो आणि थोडा सावलीत राहतो, आणि अक्षरावर तो कुरघोडी करत नाही. मशीनवर तो बॉल नोज, म्हणजे गोल टोकाच्या बिटने निघतो. 12 मिमी व्यासाचे बिट 0.8 मिमी खाली उतरवले की सुमारे 6 मिमी रुंदीचा खळगा पडतो. खळग्यांच्या मध्यांतले अंतर 5 ते 5.5 मिमी ठेवा, म्हणजे ते एकमेकांत जरासे मिसळतात आणि मध्ये सपाट पट्टे उरत नाहीत. ओळी शिस्तीत लावल्या तर जमीन फरशीसारखी दिसते. म्हणून प्रत्येक खळगा अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे सरकवून घ्या. तांबटाच्या हातातली जिवंत अनियमितता तेवढ्याने येते.

*पटाशीचे माग.* गोल पटाशीने हाताने तासल्यासारखे लहान, तिरके, कमी-जास्त लांबीचे फटकारे. व्हीकार्व्ह आणि ॲस्पायर या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी खास टेक्श्चर टूलपाथ आहे. त्यात फटकाऱ्याची लांबी, खोली आणि अनियमितता ठरवता येते. कोन 20 ते 30 अंश ठेवा. लांबी 25 ते 40 मिमी पुरे. जास्त लांब फटकारे पुन्हा चऱ्यांसारखे दिसू लागतात.

*दाणेदार जमीन.* व्ही बिटच्या टोकाने पाडलेले जवळजवळचे टिपके. लहान पाटीला, विशेषतः एक-दीड फुटाच्या दारावरच्या पाटीला, छान दिसते. मात्र एकेक टिपक्यासाठी बिट वर-खाली होते, त्यामुळे मोठ्या पाटीला वेळ फार लागतो. शिवाय टिपक्यांत धूळ अडकते आणि ती फडक्याने निघत नाही, ब्रश लागतो.

*विणीचा पोत.* सुपासारखी किंवा चटईसारखी वीण. दिसायला मोहक, पण अवघड. विणीला स्वतःची आडवी-उभी शिस्त असते आणि ती अक्षरांशी भांडते. हवीच असेल तर 45 अंशांत फिरवा आणि अक्षरे चांगली जाड घ्या.

याखेरीज वाळूचा फवारा मारून झिजवल्यासारखे लाकूड, लाटा, दगडी भिंत असे नमुने दाखवले जातात. घराच्या पाटीला ते क्वचितच शोभतात.

पोत केवढा आणि किती खोल?

याला गणिती नियम नाही. माझ्या कामातून जमलेली मोजमापे सांगतो.

- पोताचा एक घटक, म्हणजे एक खळगा किंवा एका फटकाऱ्याची रुंदी, अक्षराच्या दंडाच्या जाडीपेक्षा कमी असावी. निम्मी असेल तर उत्तम. दंड 12 मिमी जाड असेल तर 6 मिमीचा खळगा बरोबर बसतो.
- पोताची खोली अक्षराच्या उठावाच्या पाचव्या भागाइतकी पुरे. 5 मिमी उठावाला 0.8 ते 1 मिमी.
- अक्षराभोवती पोत नसलेली एक मोकळी कड ठेवा. निदान पोताच्या बिटच्या त्रिज्येइतकी. 6 मिमीच्या बिटला 3 मिमी.

ही मोकळी कड ठेवायला लोक कचरतात, कारण पडद्यावर ती रिकामी दिसते. प्रत्यक्षात तिचे काम मोठे आहे. गोल बिट अक्षराच्या भिंतीला टेकले तर एकतर भिंतीला खाचा पडतात, नाहीतर तिच्या पायथ्याशी वेडावाकडा उंचवटा उरतो. कड मोकळी असली की अक्षराची सावली स्वच्छ जागेवर पडते आणि आकार धारदार होतो.

अक्षर टिकेल असे निवडा

इथे जरा थांबा, कारण सर्वांत जास्त लाकूड इथेच वाया जाते.

पाटीची फळी आडवी असते, म्हणजे तिचे तंतूही आडवे धावतात. शिरोरेषा त्या तंतूंच्या दिशेने जाते, त्यामुळे ती बारीक असली तरी मजबूत राहते. काना आणि दंड तंतूंना आडवे छेदतात. 3 मिमी रुंदीच्या कान्यात प्रत्येक तंतू जेमतेम 3 मिमी लांबीचा उरतो. अशा कान्याला पॉलिशवाल्याचा सँडपेपर जोरात लागला तरी टवका उडतो. म्हणून उठाव 5 मिमी असेल तर दंड निदान 6 मिमी रुंद हवा.

अनुस्वाराचे तर आणखी नाजूक. माझ्याकडे एकदा ‘देशपांडे’ अशी पाटी दुरुस्तीला आली होती. सगळी अक्षरे शाबूत, पण ‘पा’वरचा टिंब गेलेला. तळाला उरलेल्या वर्तुळाचा व्यास मोजला तर 4 मिमी भरला आणि उठाव होता 6 मिमी. लाकडाचा एवढासा उंच खुंट तंतूंच्या रेषेत चिरला गेला होता. तो भाग पुन्हा घडवून चिकटवला, पण जोड डोळ्याला दिसतोच. अनुस्वाराचा व्यास त्याच्या उंचीच्या दीडपट तरी घ्या, आणि त्याच्या कडा उभ्या न ठेवता व्ही बिटने उतरत्या ठेवा. पायथा रुंद झाला की टिंब टिकतो. ‘कुलकर्णी’मधला रफार वेलांटीजवळ येतो, तिथे दोन्ही जोडूनच घ्या, मध्ये केसाएवढी फट सोडू नका.

व्ही बिटचा एक हिशेब मात्र आधी करा. 60 अंशांचे बिट 5 मिमी खोल जायचे तर वरच्या तोंडाला जवळपास 5.8 मिमी फट लागते. 90 अंशांच्या बिटला 10 मिमी. ‘म’ची गाठ, ‘श्र’चा तिरका फाटा, ‘ल्य’मधली जागा याहून अरुंद असेल तर बिट तळापर्यंत पोहोचत नाही आणि तिथली जमीन वर राहते. तिथे पोत देण्याचा हट्ट सोडा. अक्षरांच्या पोटातली जागा साधी, गुळगुळीत ठेवलेली बरी दिसते.

फाँट निवडतानाही हाच हिशेब. मुंबईच्या एक टाईपचे मुक्त आणि बलू हे फाँट खुल्या परवान्याखाली मिळतात, व्यवसायासाठीही वापरता येतात, आणि त्यांच्या जाड वजनांत उठावाचे काम चांगले निघते. त्यांचाच मोदक दिसायला गोड आहे, पण त्यातल्या आतल्या फटी मुद्दाम अगदी बारीक ठेवलेल्या आहेत. लहान पाटीवर त्या बुजतात.

फाइल देण्यापूर्वी

- मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप करू नका. काही ठिकाणी पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षर तुटून हलन्त दिसते. इंकस्केप किंवा कोरलड्रॉमध्ये मजकूर घडवा आणि त्याचे कर्व्ह करून मगच फाइल द्या.
- कर्व्ह केल्यावर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या वेल्ड करून एकसंध करा. नाहीतर मशीन प्रत्येक सांध्याशी एक चीर पाडते.
- ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आले आहेत ना, ते पाहा. बऱ्याच फाँटमध्ये आधी हिंदी वळण येते आणि मराठी भाषा निवडल्यावर ते बदलते.
- पूर्ण आकाराची छापील प्रत काढा, भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस येता-जाता वाचा. ऱ्हस्व-दीर्घ घरातल्या दोघांकडून तपासून घ्या. लाकडातली वेलांटी खोडता येत नाही.

लाकूड

सागवान पाऊस सोसते आणि त्यात कोरीव काम स्वच्छ निघते. फक्त त्यातल्या सिलिकामुळे बिटची धार लवकर जाते, म्हणून पोताच्या शेवटच्या पाससाठी ताजे बिट वापरायला सांगा. बोथट बिटने खळग्यांत कुसळे उभी राहतात. शिवण हलके आणि कोरायला मऊ; आतल्या दारासाठी छान. शिसवाचा रंग इतका गडद असतो की त्यावर पोताची सावली कमी दिसते. एमडीएफ बाहेर अजिबात नको, एका पावसाळ्यात कडा फुगतात.

रुंद अखंड फळीचा मोह टाळा. एका बाजूने पाच मिलिमीटर लाकूड काढले की आतला ताण सुटतो आणि फळी वाटीसारखी वळते. तीन-चार इंची पट्ट्या चिकटवून केलेली फळी जास्त सरळ राहते. जाडी 22 ते 25 मिमी घ्या, म्हणजे जमिनीखाली भरपूर लाकूड उरते.

मशीनचा वेळ, म्हणजे तुमचे पैसे

दर चौरस फुटावर आहे की मशीनच्या तासावर, हे पहिल्यांदा विचारा. तासावर असेल तर पोताची निवड थेट खिशाला लागते. 600 बाय 300 मिमीची जमीन धरा. नाजूक त्रिमितीय पोतासाठी बिट 0.6 मिमीच्या अंतराने फिरवले तर 500 फेऱ्या, म्हणजे 300 मीटर प्रवास. मिनिटाला 2 मीटर वेगाने अडीच तास. तीच जमीन 6 मिमीच्या बॉल नोजने 4 मिमी अंतर ठेवून केली तर 75 फेऱ्या, 45 मीटर आणि सुमारे 23 मिनिटे. शिवाय त्या मोठ्या अंतरामुळेच दोन फेऱ्यांमध्ये पाऊण मिलिमीटर उंचीची धार उरते आणि पोत आपोआप तयार होतो. दिशा तिरकी ठेवली की काम झाले. वेगळे त्रिमितीय मॉडेल विकत घ्यायची गरजच नाही.

कामाचा क्रम असा सांगा: आधी फळी वरून सपाट, मग जमीन उतरवणे, मग अक्षरांच्या कडा, पोत सर्वांत शेवटी. आणि प्रत्येक वेळी बिट बदलल्यावर उंचीचा शून्य नीट लावायला हवा. पोताची खोलीच 0.8 मिमी; शून्य अर्धा मिलिमीटर चुकला तर पोत निम्म्याहून कमी उमटतो किंवा दीडपटीहून खोल जातो.

नमुन्याचा आग्रह धरा. त्याच फळीच्या कापलेल्या तुकड्यावर एकच अक्षर, शक्यतो अनुस्वार असलेले, पूर्ण पोत आणि पॉलिशसह. त्याचे वेगळे पैसे पडले तरी द्या. तो तुकडा घेऊन जा आणि पाटीच्या जागी धरून पाहा.

रंग आणि पॉलिश

खळग्यांत आडवे कापलेले तंतू उघडे पडतात आणि ते स्टेन जास्त पितात. त्यामुळे जमीन आपसूक गडद होते. हे आपल्या फायद्याचे आहे, पण नमुन्यावर पाहूनच छटा ठरवा. गडद जमीन आणि उजळ अक्षर हवे असेल तर आधी सगळ्या पाटीला सीलर द्या, सगळीकडे जमिनीचा रंग फवारा, आणि सुकल्यावर सपाट लाकडी ठोकळ्यावर सँडपेपर गुंडाळून फक्त अक्षरांचे माथे घासा. माथे उघडे लाकूड दाखवतात, जमीन रंगीत राहते. अक्षरांना रंगच द्यायचा असेल तर लहान फोमचा रोलर, अगदी कमी रंग घेऊन.

बाहेरच्या पाटीला बाहेरच्या वापराचेच पीयू लागते, मेलामाइन घरातल्यासाठी. मागची बाजू आणि कडा सीलरशिवाय सोडू नका. पावसात ओल तिथूनच शिरते. फाटकावरच्या पाटीला खोल, पाणी साचेल असा पोत नको. खळगे उथळ ठेवा.

व्यवहार आणि तुमचे हक्क

कोटेशन लेखी घ्या. त्यात लाकडाचा प्रकार आणि जाडी, उठावाची खोली, पोताचा नमुना, पॉलिशचा प्रकार, तारीख आणि पक्के बिल हे सगळे असू द्या. ‘टेक्श्चर बॅकग्राउंड’ एवढेच लिहिलेले असेल तर भांडायला जागा उरत नाही. मंजूर नमुन्यावर दोघांची सही घेऊन तो जपून ठेवा.

ठरल्याहून वेगळे लाकूड वापरले, अक्षरे तुटकी निघाली आणि कारागीर दाद देत नसेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 तुमच्या बाजूने आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पाटी धंद्यासाठी केलेली असेल तर ग्राहक म्हणून दाद मागण्यावर मर्यादा येतात. स्वयंरोजगारावर पोट असलेल्यांना मात्र सूट आहे. मजकुरातली चूक तुम्ही मंजूर केलेल्या प्रतीतच असेल तर जबाबदारी तुमची.

दुकानाची पाटी करत असाल तर आणखी एक. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, तीही केव्हाच संपली. संगणकात दोन्ही लिपींना एकच आकडा दिला म्हणून अक्षरे सारखी होत नाहीत. देवनागरीचे अंग बहुधा लहान पडते. शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची आणि रोमन मोठ्या अक्षराची उंची छापील प्रतीवर पट्टीने मोजा.

पाटी लावताना

भिंतीला थेट चिकटवू नका. मागे चार कोपऱ्यांत 6 ते 8 मिमी जाडीच्या चकत्या ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते आणि पावसाळ्यात फळी वाकत नाही. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. साध्या लोखंडी स्क्रूभोवती सागावर काळे डाग पडतात. स्क्रूची भोके पोतात न पाडता काठाच्या सपाट पट्टीत ठेवा. आठवड्यातून एकदा कोरडा मऊ ब्रश वरून खाली तिरका फिरवा, पोताच्या दिशेने.